गिटार सुरात राहत नाही: लॉकिंग ट्यूनर घ्यावेत की नट बदलावा?

इलेक्ट्रिक गिटार सारखी उतरतेय म्हटलं की आमच्या कोल्हापुरात दोनच सल्ले मिळतात. एक गट म्हणतो, लॉकिंग ट्यूनर (तार आवळून धरणाऱ्या चाव्या) बसव, विषय संपला. दुसरा म्हणतो, आधी नट (मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांत टेकतात ती पट्टी) दाखवून घे. माझ्याकडच्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारीला लॉकिंग ट्यूनर आहेत, आणि लेस पॉल धाटणीच्या दुसरीचा नट मी नव्यानं करून घेतलाय. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला दोन्ही वाजल्यात, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

नव्या तारा ताणून घेणं, सूर नेहमी खालून वर चढवत लावणं, हे तुम्ही करताच असं धरतो. सहाही तारा एकदम चढत-उतरत असतील तर मात्र दोन्हींपैकी कशावरच पैसे घालू नका. ते मानेचं, दमट हवेचं किंवा ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर हलवायच्या यंत्रणेच्या) स्प्रिंगांचं दुखणं असतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड हलणारच. प्रश्न एक-दोन तारांचा असेल तर पुढं वाचा. बहुतेकदा ती तिसरी तार असते.

लॉकिंग ट्यूनरचं सुख खरं आहे. तार भोकातून ओवायची, मागची चकती आवळायची, अर्धा-पाऊण वेढा झाला की काम फत्ते. वेढे जवळजवळ नसल्यामुळे ते सरकायचा प्रश्न मिटतो. कार्यक्रमात तार तुटली तर पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत नवी चढते. ज्यांच्या तारा वरचेवर तुटतात त्यांनी जरूर घ्यावेत, त्यात वाद नाही.

मला खटकलं ते वेगळंच. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलतोय, तिसरी तार जरा उतरलीय, मी चावी फिरवतोय आणि सूर दाखवणाऱ्या यंत्राचा काटा ढिम्म. अजून थोडी फिरवली, तरी ढिम्म. मग ‘टिंग!’ आणि तार एकदम सुराच्या वर. खाली आणावी तर पुन्हा अडकून बसलेली. तोवर निवेदकाचं बोलणं संपून ढोलकी सुरू. हे सगळं लॉकिंग ट्यूनरवाल्या गिटारीवर, हे मुद्दाम सांगतो. तार अडकते नटच्या खाचेत. चावीला लॉक असलं काय, नसलं काय. बेंड मारला, म्हणजे सूर चढवायला तार बोटानं आडवी ओढली, की ती खाचेतून पुढं ओढली जाते, परत मागं सरकत नाही, म्हणून उतरते. ट्रेमोलोची दांडी दाबून सोडली की उलटं होतं, तार चढलेली राहते.

खात्री करायची असेल तर बेंड मारून तार उतरू द्या. मग नट आणि चावीच्या मधला तारेचा तुकडा बोटानं दाबून सोडा. सूर जागेवर आला तर दोष नटचा. नाही आला तर बहुधा वेढे सरकताहेत. मग लॉकिंगवाले बरोबर.

लेस पॉल धाटणीत खरं तर हा त्रास जास्त, कारण डोकं मागं झुकलेलं आणि तिसरी-चौथी तार नटच्या पुढं तिरकी वळते. तरी आज माझी तीच गिटार जास्त सुरात राहते. तिचा हाडाचा नट मी मिरजेत एका सतार बनवणाऱ्या कारागिरांकडून घासून घेतला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण जवारी (घोडी घासून तारेला आणलेली झणझण) काढणारे हात तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मी त्यांना सांगितलं, तार खाचेच्या फ्रेटकडच्या कडेवरच टेकली पाहिजे, तिथून चावीकडं उतार हवा, नाहीतर मोकळी तार झणझणते. ते हसले. “म्हणजे तुम्हाला जवारी नको!” अगदी तेच. सतारीत जी झणझण मेहनतीनं आणतात, ती इथं काढायची होती. तयार नट विकत मिळतात, पण खाचा तुमच्या तारांना बसवून घ्याव्याच लागतात, आणि तो हात मिळणं हीच या पर्यायाची खरी अडचण.

खर्चात तुलनाच नाही. नावाजलेल्या कंपनीच्या लॉकिंग ट्यूनरचा संच काही हजारांत जातो, हाडाचा नट आणि मजुरी मिळून माझं त्याच्या कितीतरी खाली भागलं. त्याच्याही आधी मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासून बघा, काही दिवस फरक पडतो.

अमेरिकन गिटारवादक फ्लॉइड रोझ यांनी 1979 मध्ये ज्या ट्रेमोलोचं पेटंट मिळवलं, त्यातही तार नटपाशीच आवळून टाकलेली असते. चाव्यांच्या मागं तेही लागले नाहीत. ती यंत्रणा बसवायला बॉडी कोरावी लागते, तो नाद वेगळा.

तुमची गिटार वेगळी, हात वेगळा, कदाचित अनुभवही वेगळा येईल. ट्यूनर घ्यायचेच ठरलं तर आधी हेडस्टॉकची (चाव्या बसतात त्या डोक्याची) भोकं मोजा. बऱ्याच संचांना 10 मिमी लागतात आणि जुन्या धाटणीची भोकं त्याहून लहान असतात. नट करून घेणार असाल तर ज्या गेजच्या (जाडीच्या) तारा कायम वापरणार त्याच सोबत न्या. नऊ गेजच्या खाचेत दहाची जाड तार घातली की तीच टिंग सुरू, आणि एकदा जास्त रुंद झालेली खाच परत अरुंद होत नाही.