१९६७ची पाँटिअ‍ॅक जीटीओ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कागदावर ३३५ हॉर्सपॉवर आहे, पण रोजच्या वापरात जाणवतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर: मिनिटाला ३,४०० फेऱ्यांना ४४१ फूट-पौंड, म्हणजे साधारण ६०० न्यूटन-मीटर. (हे त्या काळचे ‘ग्रॉस’, म्हणजे नुसत्या इंजिनाचे आकडे, चाकांपर्यंत बरेच कमी पोचते.) हजार-बाराशे फेऱ्यांवर रेंगाळत असतानाही अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबला की गाडी गिअर न बदलता उचल घेते. आवाजही खालच्या पट्टीतला, भरदार. या गाडीवर जीव जडतो तो याच्यामुळे.

मूळ कल्पना साधी होती. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असा पाँटिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम गाडीमध्ये ३८९ घनइंचांचे इंजिन बसवले, तेही वेगळे मॉडेल म्हणून नव्हे, तर सुमारे २९६ डॉलरचे जादा पॅकेज म्हणून. नाव फेरारीवरून घेतले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या आणि बाकीच्या कंपन्या त्याच वाटेला लागल्या.

वापरायला घ्यायची तर १९६७चीच घ्यावी. इंजिन ४०० घनइंचांचे (६.६ लिटर) झाले, दोन गतींच्या ऑटोमॅटिकच्या जागी तीन गतींचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० आला, ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी झाला आणि पुढे डिस्क ब्रेक जादा पैसे देऊन मिळू लागले. डिस्क नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी विचार करा. साडेनऊ इंची ड्रम दीड टनाहून जड गाडीला एकदा जोरात थांबवतात. लगेच दुसऱ्यांदा दाबले तर पॅडल घट्ट असूनही गाडी पुढे सरकत राहते, कारण लायनिंग तापून पकड सोडते.

पेट्रोल गावात लिटरला चार किलोमीटर, हायवेवर साडेपाच-सहा. कॉम्प्रेशन १०.७५:१ असल्यामुळे अमेरिकेतल्या पंपावरचे ९३ ऑक्टेनच लागते. त्यावरही चढणीला खडखड आली तर आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघा: व्हॅक्यूमची नळी काढून, तोंड बंद करून, आयडलला (इंजिन नुसते चालू असताना) ६ अंश. पॉइंट्ससाठी (ठिणगीचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाला, खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून ॲलन की उजवीकडे फिरवायची, इंजिन अडखळले की अर्धा फेरा मागे. ड्वेल (पॉइंट्स बंद राहण्याचा कोन) ३० अंशांच्या आसपास येतो. प्लगचा गॅप ०.०३५ इंच, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२. तेल फिल्टरसकट ६ क्वार्ट (५.७ लिटर), आणि तेही जस्ताचे प्रमाण जास्त असलेलेच. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्लॅट टॅपेट कॅमला हल्लीचे साधे तेल पुरत नाही, त्याचे उंचवटे (लोब) घासून जातात.

चार-पाच दिवस उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. बॅटरीला दोष देऊ नका. क्वाड्राजेट कार्ब्युरेटरच्या तळाची भोके बुजवणारे वेल प्लग झिरपतात आणि आतला पेट्रोलचा बाउल रिकामा होतो. कार्ब्युरेटर उघडून प्लगवर पेट्रोलला टिकणारे इपॉक्सी लावले की प्रश्न मिटतो. रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घाला.

ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढत असेल तर लोक आधी रेडिएटर बदलतात. पाँटिअ‍ॅकच्या इंजिनात वॉटर पंपामागे पत्र्याची एक डिव्हायडर प्लेट असते. ती गंजली किंवा पंपाच्या पात्यांपासून (इंपेलर) दूर राहिली तर पाणी फिरण्याऐवजी तिथल्या तिथे घुसळत राहते. फट दीड मिलिमीटरच्या आत हवी. नवा पंप बसवतानाच ती मोजा, नंतर सगळे पुन्हा उघडावे लागते.

खरेदीआधी चेसिस नंबर पाहा. १९६६पासून खऱ्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो. ल मान्सवर बिल्ले लावून विकलेल्या गाड्या बऱ्याच फिरतात. मागच्या काचेखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांमागचा भाग चुंबक लावून तपासा. पुटी असेल तिथे तो धरत नाही.

कॅम फिरवणारा टायमिंग गिअर कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेला नाही असेच धरा. मूळ गिअरच्या दातांवर नायलॉन असते. वयाने ते ठिसूळ होऊन तुटते, तुकडे तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचे प्रेशर पडते. स्टीलचा गिअर आणि नवी चेन घालतानाच ऑइल पॅन उतरवून ती जाळीही साफ करा.