कोल्हापूर की सांगली: बिऱ्हाड कुठे करावं?
नोकरी शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत असेल तर कोल्हापूरच बरं. सांगलीहून रोज ये-जा केली की माणूस पार थकतो. विमानतळही कोल्हापूरलाच, उजळाईवाडीला. रेल्वेने सतत फिरणाऱ्यांना मात्र सांगली सोयीची, मिरज जंक्शन शेजारीच आहे.

खरा प्रश्न पुराचा. नदीची धोका पातळी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरची पंचगंगा आणि सांगलीची कृष्णा, दोघींनीही ती ओलांडली. म्हणून कोल्हापूरच्या दुधाळीत किंवा सांगलीच्या गावभागात भाडं कमी दिसलं तरी भुलू नका. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं, हे शेजाऱ्यांना विचारा. भिंतींना नवा रंग असेल तर पुराच्या खुणा झाकल्या जातात, मग विजेचा मीटर किती उंचीवर बसवलाय ते बघा. सांगलीत विश्रामबाग त्यामानाने सुरक्षित.