पाच लिटरचा कुकर: शिट्ट्या मोजण्याआधी हे वाचा

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या भांड्याच्या दुकानात कुकर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ह्याच्यात डाळ किती शिट्ट्यांत होते ओ?" दुकानदारही सवयीनं "तीन" म्हणून मोकळा होतो आणि कुकर पिशवीत घालून देतो. शिट्टी हे वेळेचं माप नाही, हे मात्र अनेकांना निम्मं आयुष्य स्वयंपाकात गेल्यावर कळतं. कुकरबद्दलच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या गैरसमजात असतं. म्हणून चार-पाच माणसांच्या घरासाठी लागणाऱ्या साध्या, पाच लिटरच्या ॲल्युमिनियम कुकरचं हे परीक्षण करताना गुणदोषांइतकीच जागा या समजुतींना दिली आहे.

आधी शिट्टीचंच बघू. झाकणावरचं वजन नळीच्या तोंडावर नुसतं बसलेलं असतं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं वाढला की वाफ ते वजन उचलते, जास्तीची वाफ सुसाट बाहेर पडते आणि वजन परत खाली बसतं. ही झाली शिट्टी. ती सांगते एवढंच, की दाब पुरेसा झाला आहे आणि खालची आच गरजेपेक्षा मोठी आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे, त्यामुळं उघड्या पातेल्यात इथलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये या दाबाला तेच पाणी 120 अंशांपर्यंत तापतं. डाळ शिजते ती या वाढलेल्या उष्णतेनं आणि ती उष्णता किती मिनिटं मिळाली त्यावर. शिट्टीच्या आवाजाचा शिजण्याशी संबंध नाही.

मोठ्या बर्नरवर गॅस पूर्ण सोडला तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला शिट्टी होते, म्हणजे तीन शिट्ट्या दीड मिनिटात उरकतात. तोच कुकर लहान बर्नरवर मंद ठेवला तर दोन शिट्ट्यांच्या मध्ये तीन-चार मिनिटं जातात आणि तीन शिट्ट्यांना दहा मिनिटं लागतात. शेजारच्या काकूंची डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते आणि आपली टचटचीत राहते, याचं कारण एवढंच. दोघींची डाळ एका दुकानातली असली तरी बर्नर वेगळे आहेत.

खरी रीत अशी. पहिली शिट्टी होईपर्यंत गॅस मोठा ठेवायचा. शिट्टी झाली की बारीक करायचा, इतका की वजन हलकेच डुलत राहील, सूं असा आवाज येईल, पण शिट्टी होणार नाही किंवा क्वचितच होईल. तिथून घड्याळ लावायचं. अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला आठ ते दहा मिनिटं. भाताला पाच. अख्ख्या बटाट्यांना दहा-बारा. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला वीसच्या आसपास, राजम्याला वीस ते पंचवीस. शिट्टी होत नाही म्हणून अनेकजण घाबरून गॅस परत मोठा करतात. त्याची काहीही गरज नाही. वजन डुलतंय म्हणजे आत 120 अंश आहेतच. शिट्टीवाटे बाहेर जाते ती आपणच पैसे मोजून तयार केलेली वाफ.

यालाच चिकटून दुसरी समजूत येते, की गॅस बंद केला म्हणजे शिजणं थांबलं. वाफ आपोआप बसायला दहाएक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ आतलं अन्न शिजतच असतं. मिसळीच्या मोड आलेल्या मटकीचा लगदा होतो तो इथं. एकच शिट्टी काढली तरी वाफ बसेपर्यंत मटकीची सालं सुटतात, दाणा फुटतो आणि कट कितीही झणझणीत केला तरी खाली पिठलं उरतं. मटकीला कुकर लावूच नये; उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटांत ती दाणा धरून शिजते.

मटणाला मात्र कुकरसारखं भांडं नाही. एक किलो मटणाचं अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता शिजवलेलं मटण आणि त्याचं पाणी, करायचं तर हळद, मीठ, आलं-लसूण लावून थोड्या तेलावर परतायचं, सव्वा ते दीड लिटर पाणी घालायचं आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर कोवळ्या मटणाला पंधरा ते वीस मिनिटं, जून असेल तर पंचवीस किंवा त्याहून थोडी जास्त द्यायची. रस्सा भरपूर हवा म्हणून सुरुवातीलाच अडीच लिटर पाणी ओतायची सवय अनेक घरांत आहे. तसं केलं की कुकर गळ्यापर्यंत भरतो, नळीतून पिवळं पाणी उडायला लागतं आणि दोष कुकरला दिला जातो. वाढीव पाणी वेगळं उकळून मटण शिजल्यावर घालावं, चवीत फरक पडत नाही. पांढऱ्या रस्स्याचं नारळाचं दूधही कुकरमध्ये घालायचं नसतं, ते जोराच्या उकळीला फाटतं. अळणी पाणी पातेल्यात काढून घ्यावं आणि शेवटी बारीक आचेवर दूध मिसळावं. (पांढरा रस्सा गाईम्हशीच्या दुधानं पांढरा होतो असं समजणारे पाहुणे अजूनही भेटतात. तो पांढरेपणा नारळाचा, खसखशीचा आणि तिळाचा.)

यावरून मापाचा गैरसमज. पाच लिटर म्हणजे काठोकाठ भरल्यावर मावणारं पाणी. वाफेला जागा लागते, म्हणून कुकर दोन-तृतीयांशाच्या वर, म्हणजे सव्वातीन लिटरच्या वर भरायचा नाही. डाळ, तांदूळ, कडधान्यं फुगतात आणि फेस काढतात, तिथं मर्यादा निम्मी: अडीच लिटर. तेव्हा दुकानात आकडा बघताना मनातल्या मनात त्याचा अर्धा धरावा. दोघांच्या घराला तीन लिटर पुरतो, चौघा-पाचजणांना पाच. दर रविवारी दोन किलो मटण आणणाऱ्या घरानं साडेसात-आठ लिटरकडं बघावं.

डबे लावतानाही तळाशी पाणी किती, यात हमखास चूक होते. डब्याच्या निम्म्यापर्यंत पाणी भरलं की ते उकळताना वरचे डबे तरंगतात, कलंडतात, भाताच्या डब्यात खालचं पाणी शिरतं आणि भात चिकट होतो. भात शिजतो तो डब्यात घातलेल्या पाण्यावर. तळाचं पाणी फक्त वाफेसाठी असतं. तळाशी जाळी आणि त्यावर दोन वाट्या, म्हणजे साधारण चारशे मिलिलिटर पाणी मंद आचेवर वीस मिनिटांना पुरतं. जाळी नसली की खालचा डबा खडखडत राहतो. डाळ खाली की भात खाली यावरून घराघरांत वाद आहेत. बंद कुकरमध्ये वाफ सगळीकडं सारखीच तापलेली असते, त्यामुळं फारसा फरक पडत नाही. घनसाळ असो की इंद्रायणी, तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी, एवढं बघितलं की झालं.

आता दोन प्रकारांची तुलना. हॉकिन्सचा ओळखीचा कुकर आतल्या झाकणाचा: झाकण तिरपं करून आत घालायचं आणि दांडा अडकवायचा. आतली वाफ झाकणाला वर दाबून धरते, त्यामुळं दाब असेपर्यंत ते उघडतच नाही. घरात लहान मुलं, घाईची माणसं असतील तर ही मोठी सोय आहे. तोटा असा, की तोंड पोटापेक्षा अरुंद, म्हणून नेहमीचे उभे डबे त्यात जात नाहीत. मापाचे वेगळे घ्यावे लागतात. झाकण बसवण्याची ती तिरपी गिरकी हाताला बसायलाही काही दिवस जातात. प्रेस्टीजचा जुना ओळखीचा प्रकार बाहेरच्या झाकणाचा. तोंड रुंद, डबे सहज बसतात, धुवायला सोपा. मात्र यात वाफ असताना झाकण जोरानं फिरवायचा मोह होतो आणि भाजण्याचे प्रसंग त्यातूनच घडतात. वजन हलकेच वर करून बघावं. फुस्स झालं नाही, तरच दांड्याला हात लावावा.

बाहेरच्या झाकणाच्या कडेला एक आडवी खाच असते. "हितं तुटलंय, बदलून द्या" म्हणून नवाकोरा कुकर परत आणणारी गिऱ्हाइकं त्या खाचेमुळंच येतात. ती मुद्दाम ठेवलेली आहे. नळी तुंबून दाब फार वाढला तर रबर त्या खाचेतून बाहेर फुगतं आणि वाफ खालच्या बाजूला निघून जाते. म्हणून कुकर ठेवताना ती खाच आपल्याकडं न ठेवता भिंतीकडं करावी.

सेफ्टी व्हॉल्व्हचंही तसंच. झाकणावरची ती छोटी गुंडी शोभेची नाही. तिच्यात कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू असतो. तळाचं पाणी आटलं किंवा नळी तुंबून आतली उष्णता भलतीच वाढली की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. व्हॉल्व्ह उडाला की लोक म्हणतात कुकर खराब निघाला. त्यानं तर अपघात टाळलेला असतो. त्या भोकात कणीक लिंपणं, खिळा ठोकणं, डाग देऊन घेणं हे जिवावर बेतणारं आहे. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह बसवायचा, आणि त्याआधी पाणी का आटलं, नळी का तुंबली ते शोधायचं. नळी तुंबते ती बहुधा डाळीच्या सालांनी आणि फेसानं. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडं धरून नळीतून आरपार दिसतंय का बघायचं. दिसलं नाही तर बारीक तार घालून, वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्यायचं. दोन सेकंदांचं काम आहे आणि अख्ख्या कुकरमध्ये याहून महत्त्वाचं काही नाही. डाळीत चमचाभर तेल घातलं तर फेस कमी येतो.

वेगळं काढता येणारं वजन असेल तर ते सुरुवातीलाच ठेवू नये. नळीतून वाफेची सलग धार यायला लागली की ठेवावं, कारण आधी आतली हवा बाहेर जायला हवी. हवा अडकून राहिली तर दाब तेवढाच दिसतो, पण उष्णता कमी पडते. आणि एका कुकरचं वजन दुसऱ्या कंपनीच्या कुकरवर घालू नये, नळीवर नीट बसलेलं दिसलं तरी.

रबराचं आयुष्य वापरानुसार सहा महिने ते वर्षभर. कडेनं वाफ सुटायला लागली, शिट्टी होईना, की बहुतेक वेळा रबर ताठरलेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवून ते एक-दोन वेळा चालतं, तेवढंच. डाळ शिजत नाही म्हणून कुकरला बोल लावण्याआधी एक बघावं: डाळीत आधीच टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घातलंय का? आंबटानं डाळ गळायला वेळ लागतो. आंबट नेहमी फोडणीच्या वेळी.

काळ्या कुकरबद्दल थोडं. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे नॉनस्टिक नव्हे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर केलेला तो टणक थर आहे. आंबटाला तो साध्या ॲल्युमिनियमपेक्षा चांगला टिकतो, पण पाणी कमी पडलं तर भात तिथंही लागतो. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. फ्रीजवरचं लोहचुंबक तळाला लावून बघावं, चिकटलं तर चालेल. साध्या कुकरच्या आत काळे डाग पडतात ते पाण्यातल्या क्षारांमुळं, त्यांनी अपाय होत नाही. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकली की पडत नाहीत.

घेताना बुडावर आयएसआयची खूण आणि आयएस 2347 हा क्रमांक बघावा. 2021 पासून घरगुती कुकरला ही खूण सक्तीची आहे, तरीही रस्त्याकडेच्या ढिगात बिनखुणेचे कुकर दिसतात. ते स्वस्त पडले तरी घेऊ नयेत. त्यांचं रबर आणि व्हॉल्व्ह नंतर कुठंही मिळत नाहीत. दुकानात असतानाच झाकण दोन-तीनदा लावून काढून बघावं, दांड्याचा स्क्रू हलत नाही ना ते तपासावं आणि एक जादा रबर, एक व्हॉल्व्ह सोबतच घ्यावा.

आमचा कौल: रोज डबे लावून वरण-भात होणाऱ्या घराला पाच लिटरचा बाहेरच्या झाकणाचा, आणि मटण-कडधान्यं जास्त होणाऱ्या घराला आतल्या झाकणाचा. एकच घ्यायचा असेल आणि स्वयंपाकघरात पोरं वावरत असतील तर आतल्या झाकणाचाच, डबे त्याच्या मापाचे घेऊन. धुतल्यावर रबर काढून पुसून ठेवायचं आणि झाकण कुकरवर उलटं ठेवायचं. लावून ठेवलं तर रबर दबून बसतं आणि आत कुबट वास धरतो.