१०९८ ला (अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन केला, अनुभव सांगतो
आमच्या स्टँडसमोरच्या टपरीवर दहा-अकरा वर्षांचं पोरगं दिवसभर कप विसळायचं, बोटं पाण्याने पांढरीफटक. शेवटी १०९८ लावला. फोन फुकट, रात्री साडेदहाला पण लगेच उचलला, मराठीत बोलले, माझं नाव कुठे येणार नाही म्हणाले. दोन दिवसांत माणसं आली, पोराला बालकल्याण समितीपुढे नेलं. टपरीवाला अजून घुश्शात, असूदे.

ही हेल्पलाइन १९९६ला मुंबईत सुरू झालेली, आणि यूएनचा बालहक्क करार भारताने १९९२लाच मान्य केलाय, त्यातलं कलम ३२ म्हणजे मुलांना राबवून घ्यायचं नाही, फक्त सरकारने तेव्हा 'टप्प्याटप्प्याने करू' अशी पुस्ती जोडली, आपली सवयच ती. सर्व्हिसला माझ्याकडून पाचपैकी पाच.