उंचीच्या पट्टीवर अडलेला वार्षिक पास : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या जवळच्या अम्युझमेंट पार्कचा कुटुंबासाठीचा वार्षिक पास काढून बरेच महिने झाले. पासात काय काय मिळतं, कोणत्या तारखांना तो चालत नाही, पार्किंग त्यातच की वेगळं, हे सगळं त्यांच्या माहितीपत्रकात आहे, त्यामुळे ते इथे पुन्हा लिहीत नाही. मी लिहायला बसले ती उंचीच्या पट्टीमुळे, म्हणजे मुलाची उंची राइडच्या किमान मर्यादेइतकी आहे का हे मोजणाऱ्या पट्टीमुळे. तिच्यावरून झालेला वाद अजून डोक्यातून गेलेला नाही, आणि सहा ते आठ वर्षांचं मूल घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तो उपयोगी पडेल.

झालं असं. सकाळी प्रवेशद्वारावर मुलीची उंची मोजली. १२० सेंटीमीटरच्या जरा वर भरली, आणि कर्मचाऱ्याने तिच्या मनगटाला हिरवा बँड बांधला. हिरवा म्हणजे मोठ्या रोलर कोस्टरसकट सगळं खुलं. दुपारी त्याच कोस्टरच्या रांगेत तासभर उभं राहून आम्ही फाटकाशी पोचलो, तर तिथल्या ऑपरेटरने तिला त्याच्या पट्टीखाली उभं केलं आणि मान हलवली. तिचं डोकं आणि वरची आडवी दांडी यांच्या मधून त्याचं बोट सहज गेलं. "ताई, नाही सोडता येणार." मी बँड दाखवला. "तो गेटवरचा. इथे इथलीच पट्टी चालते." मागची माणसं चुळबुळ करायला लागली, मुलगा आधीच आत जाऊन बसलेला, आणि मुलीने विचारलं, "आई, सकाळी मी मोठी होते ना? मग आता लहान कशी झाले?"

तक्रार खिडकीवर सांगितलं गेलं की अंतिम निर्णय राइडवरच्या ऑपरेटरचा असतो, पासच्या अटींत तसं लिहिलंय. लिहिलेलं आहे, खरं आहे. पण मग गेटवर बँड कशाच्या जोरावर बांधता? तासभराची रांग, भर उन्हात उभी राहिलेली सात वर्षांची मुलगी, आणि शेवटी सगळ्यांसमोर "नाही". हा तास पासच्या किमतीत धरायचा की नाही? मी धरते.

पुढच्या खेपेला घरची मोजपट्टी पर्समध्ये टाकून नेली आणि गेटवरच्या उंची मोजायच्या खांबापाशी नीट उभी राहिले. खांब पाणी जायच्या जाळीला लागून रोवलेला, म्हणजे फरशीच्या सगळ्यात खोलगट टोकाला. त्याच्याभोवती साखळी, त्यामुळे मूल उभं राहतं ते खांबापासून अर्धा मीटर अलीकडे, चढाच्या बाजूला. पाणी वाहून जावं म्हणून अशा फरशीला मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार सर्रास दिला जातो. म्हणजे अर्ध्या मीटरवर एक सेंटीमीटर उंची फुकट वाढली! वर मोजणारा हात सपाट धरायचा तो मुलीच्या पोनीवर टेकलेला. मी तिथे उभी असताना अशा कितीतरी मुलांना हिरवे बँड मिळाले. त्यातली काही दुपारी कुठल्या ना कुठल्या फाटकावर रडणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वेगळं निघालं. दुपारपर्यंत ती खरंच थोडी लहान झाली होती. मणक्यांच्या मध्ये ज्या चकत्या असतात, त्यांच्यातलं पाणी दिवसभर उभं राहून, चालून शरीराच्या भाराने थोडं बाहेर पडतं आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा भरतं. मोठ्या माणसाची उंची सकाळपासून संध्याकाळपर्यंत एखाद-दीड सेंटीमीटरने उतरते. मुलांची त्याहून कमी, पण उतरतेच, आणि त्यातली बरीचशी झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या काही तासांत. डॉक्टरकडे उंचीची नोंद ठेवताना दर वेळी साधारण एकाच वेळेला मोजावं म्हणतात ते यासाठीच. आता याच्यावर फरशीचा उतार आणि पोनी चढवा. सकाळची १२०.५ दुपारी ११९ का होते, यात काहीच गूढ राहत नाही.

इथपर्यंत माझं म्हणणं एवढंच होतं की अर्ध्या सेंटीमीटरसाठी मुलाला अडवू नये. ते आता बदललं आहे, आणि का बदललं ते सांगायला हवं. ही मर्यादा पार्क मनाने ठरवत नाही, राइड बनवणारी कंपनी ठरवते, ती त्या राइडमध्ये माणसाला सीटवर धरून ठेवणाऱ्या अडकवणीवरून. १९१९ साली जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने रुळाला खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कोस्टरची गाडी चढाच्या टोकावरून झपकन खाली वळली तरी रूळ सोडत नाही. पण गाडी रुळावर राहिली तरी आतला माणूस त्या क्षणी सीटवरून उचलला जातोच. त्याला धरून ठेवते ती मांडीवर येणारी दांडी किंवा खांद्यावरून येणारं कवच. मांडी आखूड असली, बसल्यावर पाय टेकत नसले, तर दांडी बंद होऊनही मूल तिच्याखालून सरकू शकतं. शिवाय उंचीवरून वयाचा अंदाज बांधलेला असतो: या उंचीचं मूल मान ताठ धरू शकेल, हात आत ठेव म्हटल्यावर ठेवेल. या क्षेत्राची मानकं ठरवणारी अमेरिकेतली एएसटीएम या मानक-संस्थेची एफ२४ समिती १९७८ पासून काम करते, युरोपात ईएन १३८१४ हे मानक आहे. कंपनीने घातलेली मर्यादा पार्कला वाढवता येते, कमी करता येत नाही. तेव्हा त्या ऑपरेटरने जे केलं ते बरोबर केलं, आणि मागे सगळी रांग बघत असताना त्याने ते केलं, याबद्दल मला आता त्याच्याविषयी आदर आहे. माझा राग पूर्णपणे गेटवर सरकला आहे. गेटवर ढिलं मोजून बँड बांधायचा आणि कटू बोलायचं काम राइडवरच्या पोरावर सोडायचं, हे बरं नव्हे.

मी हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं. फरशीचा फोटो जोडला, मोजपट्टीसकट. छापील आभारापलीकडे काही येईल असं वाटलं नव्हतं. पण त्यानंतर गेलो तेव्हा मुख्य गेटवरचा खांब गेलेला होता. त्याच्या जागी सपाट लाकडी पाट, मागे उभी फळी आणि डोक्यावर येऊन टेकणारी सरकती पट्टी, शाळेच्या आरोग्य तपासणीत असते तशी. कर्मचारी पोनी सोडायला सांगत होती. काठावरच्या मुलांना आता पिवळा बँड मिळतो आणि आईवडिलांना तिथेच सांगतात की राइडवर पुन्हा मोजतील, नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका. मला मनापासून आनंद झाला. एवढ्या मोठ्या जागेने एका पासधारकाचं ऐकून फरशीपर्यंत लक्ष घातलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण पार्किंगकडून येणाऱ्या मागच्या गेटवर अजून जुनाच खांब आहे, तीच जाळी आणि तीच साखळी. गर्दीच्या दिवशी निम्मी कुटुंबं तिथूनच आत येतात. हे मी परत कळवलं आहे.

आता जे पहिल्यांदा जाण्याचा बेत आखत आहेत त्यांच्यासाठी. मुलांची उंची घरी मोजा, ती संध्याकाळी, जे बूट घालून जाणार तेच बूट घालून, केस मोकळे सोडून. बऱ्याच पार्कांत बूट घालूनच मोजतात, तरी आधी विचारून घ्या. मर्यादेपेक्षा दोनेक सेंटीमीटर जास्त भरली तरच ती राइड मुलाला कबूल करा. मग राइडची यादी घेऊन बसा आणि सगळ्यात बुटक्या मुलापासून सुरुवात करा. साधारण १०७, १२० आणि १३७ सेंटीमीटरच्या आसपास रेषा आखलेल्या आढळतात. तुमचं मूल कोणत्या दोन रेषांच्या मध्ये आहे त्यावर तुमचा दिवस ठरतो, आणि पास परवडतो की नाही हेही. पासची किंमत भागिले एका दिवसाचं तिकीट हा हिशेब सगळे करतात, पण तो अर्धाच आहे. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. मूल ११७ वर असताना पास काढला तर त्यातलं जवळपास अर्धं वर्ष मोठ्या राइडच्या बाहेर उभं राहण्यात जातं. रेषा ओलांडेपर्यंत थांबून काढला, तर तेच पैसे वर्षभर वसूल होतात.

रांगेच्या वेळेचे फलक पाहून मी ठरवत नाही, स्वतः मोजते. आपल्या पुढे किती माणसं आणि तासाला किती माणसं बसतात, यांचा भागाकार म्हणजे थांबायचा वेळ. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ साली सिद्ध केलेलं रांगांचं सूत्र हेच आहे. गाडीत २४ जागा आणि दर दोन मिनिटांनी एक सुटत असेल, तर तासाला ७२०. पुढे २४० माणसं म्हणजे वीस मिनिटं. रांगेचा एक पदर मोजायचा आणि पदरांनी गुणायचं. गाड्या भरून सुटतात का तेही बघा. आणि रुळावर एकच गाडी धावत असेल तर वेळ जवळपास दुप्पट धरा आणि सरळ दुसरीकडे जा.

मोठा आणि लहान अशी दोन मुलं असतील तर अदलाबदलीची सोय आहे का ते विचारा. आई एका मुलाला घेऊन बसते, बाबा दुसऱ्याबरोबर बाहेर थांबतात, मग बाबांना पुन्हा रांग न लावता सोडतात. आमच्याकडे ती आहे, पण फलकावर कुठेच लिहिलेली नाही, विचारलं तरच देतात. वीज चमकू लागली की उंच राइड बंद होतात आणि तिकीट परत मिळत नाही, तेव्हा आभाळ भरलेलं असेल तर मोठ्या राइड आधी उरकून घ्या.

सासूबाईंच्या पासबद्दल घरात वाद होता, त्या बसणार कशात म्हणून. त्या आकाशपाळण्यात बसतात, आणि मोठं माणूस सोबत असेल तर तिथे उंचीची अट नाही. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनातल्या जॉर्ज फेरिस यांच्या पहिल्या मोठ्या पाळण्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. आमच्या इथे सहाच मावतात, पण आम्ही पाचही जण एकत्र बसतो अशी पूर्ण पार्कातली ती एकमेव राइड आहे. सासूबाईंचा पास तेवढ्यावर वसूल झाला, असं मी मानते.

पासची मुदत संपेपर्यंत मुलीची उंची १२० च्या बरीच पुढे गेलेली असेल, त्यामुळे आमच्यापुरता प्रश्न मिटेल आणि नूतनीकरण आम्ही करणार आहोत. पण बहिणीचा मुलगा आत्ता ११८ वर आहे. मागच्या गेटचा खांब बदलेपर्यंत आणि तो संध्याकाळच्या मोजणीत १२२ भरेपर्यंत त्याचा पास काढू नकोस, असं मी तिला सांगून ठेवलं आहे. तोवर एका दिवसाचं तिकीट काढून यायचं, मुख्य गेटनेच आत शिरायचं आणि कोस्टरचं नावही त्याच्यासमोर काढायचं नाही.