आमटी खारट झाली: बटाटा, गूळ की आणखी डाळ?

पानं घेतली आहेत, पाहुणे हात धुवायला उठलेत आणि चव घेतल्यावर कळतं की आमटीत मीठ दोनदा पडलंय. आमच्याकडे हे असंच होतं. एकदा सासूबाईंनी घातलेलं असतं, एकदा मी. मग ज्याला त्याला वेगळा उपाय सुचतो. मी ते सगळे करून पाहिलेत आणि माझा कौल डाळीला आहे.

सगळ्यात जास्त सांगितला जातो तो बटाटा. तो मीठ ओढून घेतो म्हणतात, पण नुसतं मीठ तो वेचून घेत नाही, आमटीचं खारं पाणी त्यात मुरतं एवढंच. कच्च्या बटाट्यात साधारण 80 टक्के पाणी असतं. म्हणजे लिटरभर आमटीत 100 ग्रॅमचा बटाटा अगदी आतपर्यंत मुरला, तरी अर्धी वाटी पाणी ओतल्याइतकाच फरक पडणार. म्हणून अख्खा टाकून नंतर काढू नका, फोडी करून आमटीतच राहू द्या. कणकेच्या गोळ्यांचंही तेच, शिवाय पीठ सुटून आमटी पिठूळ होते. त्यापेक्षा मीठ न घातलेल्या कणकेची पोळी लाटून, शंकरपाळ्यांसारखी कापून आमटीत सोडा. वरणफळं होतात! फळं आमटी पितात, त्यामुळे आधी दोन वाट्या पाणी वाढवायला हरकत नाही.

गूळ, चिंच, आमसूल चव सावरतात, पण मीठ असतं तेवढंच राहतं. चिमूटभरच जास्त झालं असेल तर सुपारीएवढा गूळ पुरतो. पण घरात कुणाला रक्तदाब असेल तर हा उपाय नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे जेमतेम एक चमचा. गोडाखाली लपलेलं मीठ पोटात जातंच.

उरतो तो अळणी डाळीचा उपाय. हिशेब सोपा आहे: मीठ दीडपट पडलं असेल तर आमटी दीडपट करायची. चार वाट्या आमटीत दोन वाट्या शिजलेली, मीठ न घातलेली तूरडाळ घोटून घाला. नुसतं पाणी घातलं तर ती पांचट होते. डाळीने दाटपणा राहतो, पण मसाला फिका पडतो, म्हणून थोडा गोडा मसाला घालून वरून लहानशी फोडणी द्या आणि एक उकळी काढा. कुकर लावावा लागतो, वीसेक मिनिटं जातात. तेवढा वेळ असेल तर दुसरं काही करू नका. उसळीला किंवा माशाच्या कालवणाला डाळीऐवजी नारळाचं दूध घाला.

सुक्या भाजीला यातलं काहीच चालत नाही. भेंडी-गवारीत ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट, फ्लॉवरमध्ये उकडलेला बटाटा कुस्करून. पालेभाजी मात्र मुळातच सांभाळायची, कारण कढईभर मेथी शिजून मूठभर होते आणि मीठ आपण कढई बघून घातलेलं असतं. ती बसल्यावरच मीठ घाला.

आणि पाहुणे पानावर बसलेच असतील, तर भातात मीठ घालू नका आणि आमटी वाढताना पळी अर्धीच भरा.