बीएमडब्ल्यू आर ६०/२: एक मोसम चालवल्यावर आणि इंजिन उघडल्यावर

संग्राहकांसाठीच्या जाहिरातीत या जुन्या मोटरसायकलबद्दल दोन गोष्टी ठळक छापल्या होत्या. फ्रेम आणि इंजिनाचा नंबर एकच, आणि इंजिन पूर्ण ओव्हरहॉल केलेलं. पहिली खरी निघाली. दुसरीवरून विक्रेत्याशी माझं हिवाळाभर भांडण चाललं.

५९४ सीसी, ३० अश्वशक्ती, शाफ्ट ड्राइव्ह, सहा व्होल्ट हे सगळं तुम्हाला माहीत असणार. मला बोलायचंय ते क्रँकवरच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरच्या, ऑइल स्लिंगरबद्दल.

या इंजिनात ऑइल फिल्टर नाही. त्याचं काम क्रँकसोबत फिरणाऱ्या पत्र्याच्या दोन उथळ वाट्या करतात. फिरण्याच्या जोराने तेलातला कचरा वाटीच्या काठाला जाऊन बसतो आणि स्वच्छ तेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला मिळतं. कल्पना सुरेख आहे. पण वाटी भरली की तेलाची वाट बंद होते आणि बेअरिंग कोरडं पडतं. आधी ना आवाज, ना धूर. वाट्या साफ करायच्या तर क्रँकच बाहेर काढावा लागतो, म्हणजे अख्खं इंजिन रिकामं करायचं. १९६९ साली बीएमडब्ल्यूची पुढची /५ मालिका आली तेव्हा फिल्टर आणि प्लेन बेअरिंग मिळाले. त्याआधीची कुठलीही बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरांची बीएमडब्ल्यू) घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

मी विचारला. उत्तर आलं, ‘सगळं झालंय’. बिलं मागवली तर त्यात नवे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आणि रंगकाम. क्रँकचा उल्लेखच नाही. विक्रेत्याचं म्हणणं, इंजिन इतकं शांत चालतंय, उघडायचं कशाला? गाडी शांत चालत होती हे खरं, आणि तेच मला घाबरवत होतं. एवढे युरो मोजून रोज बेअरिंगची काळजी करत चालवणं मला जमणारं नाही. शेवटी जाहिरातीचा कागद समोर ठेवल्यावर त्याने अर्धा खर्च उचलला. इंजिन उघडलं तर वाट्या जवळजवळ काठापर्यंत राखाडी, घट्ट मळीने भरलेल्या. खरवडून काढावी लागली. रंगावर खर्च केलेल्या पैशांत हे काम आधीच होऊन गेलं असतं. त्या माणसाचा मला अजून राग आहे.

गाडीबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला पुढच्या चाकाचा इअर्ल्स फोर्क, म्हणजे स्विंगआर्मवर (झुलत्या दांड्यावर) चाक धरणारा फोर्क, मला अजिबात आवडला नव्हता. ब्रेक दाबला की पुढचा भाग खाली बसण्याऐवजी वर उचलला जातो. बुलेट चालवलेल्या माणसाला हे विचित्रच वाटतं. पण जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या आल्ब डोंगरांच्या उतारांवर चालवायला लागल्यावर उमगलं, वळणात ब्रेक लावला तरी गाडी तोल सोडत नाही. आता साध्या टेलिस्कोपिक फोर्कवर बसलं की पुढून कोणी ओढतंय असं वाटतं. चालीत घाई नाही. दिवसभर बसलो तरी हात बधिर होत नाहीत. संग्राहक याच घराण्यातल्या आर ६९ एसच्या ४२ अश्वशक्तीमागे धावतात आणि तिच्यासाठी कितीतरी जास्त मोजतात. मला या तिसात काही कमी पडलं नाही.

रात्री मात्र बाहेर काढू नका. सहा व्होल्टचा दिवा गावाबाहेरच्या रस्त्याला पुरत नाही. बारा व्होल्ट करून घ्या असं अनेकांनी सुचवलं, मी केलं नाही. मॅग्नेटो इग्निशन असल्यामुळे बॅटरी मेली तरी इंजिन चालतं, आणि मूळ बॉश जनरेटर काढून ठेवायला मन होत नाही.

चालवण्याचा खर्च अनपेक्षितपणे कमी आहे. जर्मनीतल्या एच नंबरप्लेटवर (जुन्या, ऐतिहासिक गाड्यांसाठीची) मोटरसायकलचा वार्षिक कर ४६ युरोंच्या आसपास, तेल अवघं दोन लिटर. ते मी ठरल्यापेक्षा लवकरच बदलतो. ज्या इंजिनात फिल्टर नाही तिथे तेलात काटकसर करायची नाही.

भरलेल्या वाट्यांचे फोटो आणि क्रँकच्या कामाचं बिल फाइलमध्ये सगळ्यात वर लावलंय. उद्या ही गाडी कोणी मागितली तर फ्रेम-इंजिनाच्या नंबरांच्या आधी त्याला ते दाखवीन. सध्या विकायची नाही. फोर्कचा स्विंगआर्म पुढे बसवायचं साइडकारसाठीचं दुसरं भोक शाबूत आहे, म्हणून जुनी श्टाइब साइडकार शोधतोय. तिच्यासाठी मागच्या गिअरचं गुणोत्तरही वेगळं लागतं. कोणाकडे असेल तर आधी तेच विचारीन.